संगणकाचा बाप्तिस्मा

“नवा संगणक घेतला आणि पार्टी नाही? पाप लागेल रे, गानी!” सेल्सोने सबंध पाणीपुरवठा कार्यालयाला ऐकू जाईल असे जाहीर केले. लिपा गावात हळू बोलण्याची पद्धत मुळातच नाही, त्यात सेल्सो म्हणजे भोंगाच.

तक्रारखिडकीत बसलेल्या इसागानी मालाबानानने उजवा हात अलगद टेबलाखाली घेतला. “देतो की! पळून चाललोय का मी?”

“पण चालू झाला ना तो?”

“झाला,” गानी म्हणाला. तिथेच सगळा घोटाळा झाला, कारण संगणक चालू झालेलाच नव्हता.

“मग बाप्तिस्मा करायलाच हवा,” रोखपाल पुरिंगताई हसत म्हणाल्या. “त्या उडत्या वीराचा सिनेमा लागलाय. रविवारी संध्याकाळचा खेळ. तिकिटं तुझी, टाळ्या आमच्या.”

या गावात नवी स्कूटर येवो, नवा फोन येवो की नवी कवळी, मित्रांना काही खाऊपिऊ घातल्याशिवाय ती वस्तू लाभत नाही. सेल्सोच्या मेव्हण्याने फ्रिजची पार्टी बुडवली आणि आठवड्यात फ्रिज बंद पडला, हा दाखला सगळ्यांना तोंडपाठ होता.

गानीला संगणक जुळवण्याचा भारी नाद. अर्ध्या गल्लीची यंत्रे त्याने ताटलीभर शेवयांवर जुळवून दिली होती. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र लोकांनी टाकलेल्या भागांचे कडबोळे. यंदा नाताळच्या बोनसमधून त्याने पहिल्यांदा सगळे भाग कोरे आणले. मोठे भाग कसेबसे बसवलेही. राहिला होता तो प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. बिस्किटाएवढी चकती, तिच्या पोटाला केसासारख्या शेकडो पिना. श्वास रोखून जागेवर ठेवायची. एक पिन वाकली की खेळ खलास.

आणि गानीचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. हे हळूहळू वाढत जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याची बायको ओफेलिया डॉक्टरांना विचारते कुठे? “तापलेल्या हातांवर गार पाणी घ्यायचास! गरम-गार एक झालं की नसा धरतात, पास्मा होणार नाही तर काय? आईचं ऐकलं असतंस तर!” पण हाताला काय झाले हे ऑफिसात सांगायचे नाही, अशी शपथ गानीने तिला घातली होती. दुकानदार चकती फुकट बसवून देत होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रे जुळवणाऱ्याने आपले यंत्र दुसऱ्याच्या हाती कसे द्यायचे? तीन रविवार तो चकतीची डबी उघडून बसला आणि तीनदा मिटून उठला.

रविवारी ओफेलियासह चौघे सिनेमाला गेले. पुरिंगताईंनी लाह्यांचा मोठा डबा गानीच्या हातात दिला आणि लाह्या टुणटुण उड्या मारू लागल्या. चारदोन सेल्सोच्या डोक्यावर पडल्या.

“अरे, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच घाबरलास?” सेल्सो खिदळला.

पुरिंगताईंनी डबा आपल्या मांडीवर घेतला.

पडद्यावरचा वीर एका तळहातावर भरली बस तोलत होता. बोट तसूभर हलत नव्हते. ‘बस राहू दे रे बाबा,’ गानीला वाटले, ‘मला एक बिस्किट तोलू दे.’ त्याला एकाएकी फार एकटे वाटले. मग वीर चुकून स्वतःच्याच घराचे छप्पर फोडून आत पडला, सेल्सो खुर्चीतून घसरेपर्यंत हसला आणि गानीलाही हसू आवरेना.

बाहेर येताच सेल्सो म्हणाला, “चला, आता बाळ बघायला!”

“आज नको. आमच्याकडे विजेचा दाब कमी आहे,” गानी घाईने म्हणाला.

“मी कॉफी टाकते,” ओफेलिया म्हणाली. गानीने डोळे वटारले, तर ती खुशाल रिक्षा थांबवायला निघून गेली.

घरी पोचल्यावर सेल्सोने आधी संगणकाच्या पेटीचे झाकणच काढले. आत मधोमध रिकामी चौकट होती आणि शेजारी टेबलावर ती डबी.

“अरे, हा तर अजून…”

पुरिंगताईंनी त्याच्या पायावर पाय दिला. “बरं केलंस गानी, थांबलास ते. धर्ममाता नाही, धर्मपिता नाही, आणि बाप्तिस्मा कसला करतोस? बाळाला आधी आम्ही हात लावायचा. सांग, काय करू?”

गानीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. त्याने डबी पुढे सरकवली.

“कडेला धरा. कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तो डावीकडे. दाबायचं नाही. नुसती ठेवायची, आपसूक बसते.”

चकती बसली. ताईंनी रोखलेला श्वास सोडला. मग गानीच्या अंगात मास्तर संचारला. सेल्सोने पंखा उलटा धरला म्हणून त्याला शिव्या बसल्या. ओफेलियाने तारा जोडल्या, तर “अगं, केस विंचरतेस का?” म्हणून तिचीही हजेरी झाली. शेवटी सगळे मागे सरकले. “बटण बापाने दाबायचं,” सेल्सो म्हणाला.

गानीने बोट टेकवले. दिवा लागला, आणि थरथरत्या बोटाने बटण पुन्हा दाबले गेले. दिवा विझला.

“बाळ लाजतंय,” सेल्सो पुटपुटला.

“यंत्र ठीक आहे,” गानी म्हणाला. “हात माझा बिघडलाय. वर्ष झालं. आता वाढतच जाणार.”

सेल्सोने मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. “माहीत आहे रे. तुझा शिक्का कागद सोडून टेबलावर उमटायला लागला तेव्हापासून. तू बोलत नव्हतास, मग आम्ही कशाला बोलू?”

गानीने डोळे पुसले. मग बोटाऐवजी सबंध तळवा बटणावर टेकवून दाबला आणि झटकन उचलला. पंखे घुमले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. सेल्सोने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या घरातून कोणीतरी काय झाले म्हणून विचारले.

“माझा जुना संगणक महिनाभर बंद आहे,” पुरिंगताई म्हणाल्या. “विचारलं तर म्हणालास, वेळ नाही.”

“वेळ होता. हात नव्हता,” गानी म्हणाला. “रविवारी घेऊन या. पण पेचकस तुम्हीच धरायचा, आणि मी ओरडलो तर रडायचं नाही.”

ओफेलियाने सर्वांपुढे कॉफी ठेवली. तिने नेहमीच्या सवयीने गानीचा कप अर्धाच भरला होता. त्याने तो तिच्यापुढे सरकवला. “भर की. पाहुण्यांना पूर्ण आणि घरधन्याला अर्धा?”

तिने काठोकाठ ओतली. गानीने सगळ्यांच्या देखत कप दोन्ही हातांनी उचलला. थोडी कॉफी बशीत सांडली, थोडी सदऱ्यावर, आणि उरलेली तो सावकाश, चवीने प्यायला.