चौकोनी कंस

इस्पितळात संगणकावर ड्यूटीचा तक्ता ठेवणारी कारकून नवीन होती. तिची थोरली बहीण तिथेच नर्स. सोमवारी सकाळी ताई तिच्या टेबलापाशी बसली आणि बोलता बोलता तिचा डोळाच लागला.

अतिकामाने असेल म्हणून धाकटीने गेल्या आठवड्याची तिची ओळ काढली. एकूण तास, २:००.

"दोनच?" जागी होऊन ताई म्हणाली. "मग हे सुजलेले पाय कुणाचे?"

धाकटीने कागदावर बेरीज केली. चौऱ्याहत्तर. मग तिच्या ध्यानात आलं, तक्ता तासांना घड्याळाची वेळ समजत होता. चोवीस झाले की पुन्हा शून्य. तीन अख्खे दिवस असेच गिळले होते. आकडा कसा दिसावा हे ठरवणारा कस्टम फॉरमॅट उघडून तिने तासाच्या h या अक्षराभोवती चौकोनी कंस घातले. ७४:०० उमटलं. तेच तिने सगळ्या रकान्याला लावलं. साठच्या खाली एकही नर्स नव्हती.

हाच रकाना बघून अधीक्षक जादा पाळ्या वाटायचे. तासाभरात ते टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"आकडे का बदललेस?"

"आकड्यांना हात नाही लावला, साहेब. फक्त दिसतील असे केले."

"पहिल्यासारखं कर. हा तक्ता वर जातो. वर काय सांगू मी?"

"चौऱ्याहत्तर सांगा."

"कर म्हणतोय ना."

"नाही करणार." ती उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "तुम्ही करा."

ते बसले. बरीच खटपट केली. ताईच्या नावापुढे सन एकोणीसशेमधली कुठलीतरी तारीख आली. तोवर तक्त्याची छापील प्रत नर्सेसच्या खोलीबाहेर लागली होती. ती कुणी लावली, हे विचारायची गरज नव्हती. प्रतीखाली धाकटीची सही होती.

दुपारी हेडसिस्टर सतरा सह्यांचा अर्ज घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. तास कमी होईपर्यंत जादा पाळी कुणीच घेणार नव्हतं. दोन दिवस अधीक्षक अडून बसले, तिसऱ्या दिवशी नवा तक्ता निघाला. अठ्ठेचाळीसच्या वर कुणी नाही.

धाकटीला मात्र मेमो मिळाला आणि तळघरातल्या जुन्या फायलींमध्ये बदली. मेमोला तिने एका ओळीत उत्तर दिलं, "पुन्हा तेच करीन."

रविवारी ताई घरी होती. दुपारचे बारा वाजले तरी उठेना. आई दोनदा आत जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून आली.