लख्ख धुतलेला दात

दातांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती आणि त्या खोलीवर लख्खताईचं राज्य होतं. एक खोल सिंक, वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, पाकिटं सील करायचं यंत्र आणि उभं राहायला जेमतेम दोन फरश्या, एवढाच काय तो मुलूख. पण डॉक्टरबाईंच्या हातात जाणारी प्रत्येक वस्तू, मग तो आरसा असो, चिमटा असो की बोटाच्या पेराएवढी सुई, आधी या मुलखातून जायची. घासायची, धुवायची, पुसायची, पाकिटात घालायची, मशीनमध्ये तापवायची. पाकिटावरची पट्टी काळी पडली की वस्तू पास. चौदा वर्षांत तिचं एकही पाकीट परत आलं नव्हतं. ही गोष्ट ती स्वतःहून कोणाला सांगत नसे. फक्त अशा रुबाबात उभी राहायची की समोरच्याने विचारावंच. प्रत्येक ट्रे पुढे करताना "लख्ख आहे" म्हणायची तिला सवय, म्हणून डॉक्टरबाईंनी तिचं नाव लख्खताई ठेवलं होतं.

तिची खोली आणि उपचाराची खुर्ची यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पेशंटच्या कागदावर 'कारण' असा एक रकाना असे, आणि तेरा ते अठरा वयाच्या पोरांना त्या रकान्यासाठी जगात एकच उत्तर सुचायचं: पडलो. सायकलवरून उडालेला पडलेला, चेंडू तोंडावर घेतलेला पडलेला, बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेलेला पडलेला, आणि वर्गामागे गुद्दागुद्दी केलेला तर हमखास पडलेला. डॉक्टरबाई वाद घालायच्या नाहीत. "तळहात दाखव बघू," एवढंच म्हणायच्या. खरोखर पडणारा माणूस आधी हात पुढे टाकतो, तेव्हा तळहात सोलवटलेले नसले की थाप उघडी. लख्खताईचं हे ऐकून ऐकून इतकं पाठ झालं होतं, की भिंतीआड हत्यारं घासता घासता ती आपला निकाल देऊन मोकळी व्हायची.

त्या दुपारी तिची स्वतःचीच मुलगी मागच्या दाराने आत आली, तेव्हा मात्र तिने तळहात बघितले नाहीत. चौदा वर्षांची पोर, तोंडावर रुमाल, रुमालभर रक्त. बरोबर तिची मैत्रीण होती. ही वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, म्हणून तिला शिडी म्हणायचे. एरवी शिडीच्या तोंडाला क्षणाची उसंत नसायची. आज तिची दातखीळ बसली होती. मुलीने मूठ उघडली. मुठीत वरचा पुढचा दात होता, मुळासकट, रक्ताने आणि मातीने माखलेला.

"जिन्यावरून पडले," मुलगी रुमालाआडून म्हणाली.

 लख्खताईने भिंतीपलीकडे कान दिला. डॉक्टरबाई कुणाची तरी रुतलेली अक्कलदाढ काढत होत्या. दार बंद होतं, आणि बंद दार कोणी वाजवायचं नाही हा दवाखान्याचा पहिला नियम होता. तो नियम नव्या पोरींना शिकवायचं काम लख्खताईचंच होतं. समोर काउंटरवर बसणाऱ्या मुलीने बोटांनी खूण केली: अर्धा तास.

आता अर्धा तास नुसतं रडत बसणारी बाई ती नव्हती. तिने लेकीला स्टुलावर बसवलं, कापसाचा घट्ट बोळा करून दातांमध्ये दिला, आणि दात हातात घेतला. हातांना त्यांचं काम माहीत होतं.

"आई, असाच नेऊ या ना त्यांच्याकडे," मुलगी बोळ्यातून पुटपुटली.

"असा? मातीने भरलेला? तोंडात घालायचाय तो परत. दोन मिनिटं थांब."

तिने नळाखाली ताठ ब्रशने दात घासला. मुळावर पिवळट, सायीसारखं काहीतरी चिकटून होतं, ते सहजासहजी निघेना. तिने जपून, खरवडून खरवडून ते काढलं. चौदा वर्षांत एवढ्या मायेने तिने काही घासलं नव्हतं. मग पाकीट, मग मशीन, झटपट तापवायचं बटण. पट्टी काळी झाली. डॉक्टरबाई हातमोजे काढत बाहेर आल्या तेव्हा ट्रेमध्ये दात तयार होता, मोत्यासारखा.

डॉक्टरबाईंनी पाकीट फाडलं आणि त्या थांबल्या.

"ताई, हा मशीनमध्ये घातला होतात?"

"हो मॅडम. घासून, धुऊन. लख्ख आहे."

डॉक्टरबाईंनी खुर्चीतल्या मुलीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. त्यांनी दात जागेवर बसवला, बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधला, आणि मुलीच्या हातात आरसा दिला. मुलीने सुजलेला ओठ वर केला. दात होता तिथे होता. कागद भरताना डॉक्टरबाईंनी 'कारण'पाशी पेन थांबवलं, मुलीचे ओरखडाही नसलेले तळहात पाहिले, आणि रकाना कोराच ठेवला. बाहेर बाकावर बसलेल्या शिडीला मुलगी म्हणाली, "आईने वाचवला बघ." शिडी हमसून हमसून रडायला लागली. लख्खताईला वाटलं, मैत्री असावी तर अशी.

दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टरबाई मागच्या खोलीत आल्या. त्या या खोलीत सहसा येत नसत, त्यामुळे कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना.

"ताई, मुळावर ती पिवळट साय असते ना, ती जिवंत असते. तिच्यामुळे दात हाडाला पुन्हा धरतो. पडलेला दात घासायचा नसतो. नुसता विसळायचा, दुधात टाकायचा आणि पळत माझ्याकडे आणायचा. मशीनमधून काढल्यावर त्यात काही उरत नाही."

"पण बसला ना?"

"बसलाय. पण तो आता मेलेला आहे. काही वर्षं राहील. मुलीचा जबडा वाढेल, तो तिथेच राहील, आखूड दिसायला लागेल. हाड त्याला हळूहळू खाईल आणि मग काढावा लागेल."

"आणि मी दार वाजवलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी सिंककडे बघितलं. "बहुधा जगला असता. पडलेला दात घेऊन लोक थेट खुर्चीत येतात, तुमच्या खोलीत तो कधी येतच नाही. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, ती चूक माझी आहे. मुलीला मी सांगते, की धक्का जोराचा होता, मूळ मेलं. ते काही सगळंच खोटं नाही."

लख्खताईने मान हलवली. एवढीशी मान हलवली आणि घरी गेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं.  घरी आल्यावर दारात चपला काढता काढता मुलगी म्हणाली, "आई, मी जिन्यावरून पडले नव्हते."

"माहीत आहे. तळहात बघितले मी त्या दिवशी संध्याकाळी."

मग सगळं बाहेर आलं. शाळेत पाण्याचे नळ ओळीने आहेत. वाकून तोंड लावून पाणी पीत असलेल्याचं डोकं मागून हळूच दाबायचं, नाकातोंडात पाणी गेलं की खिदळायचं, ही तिथली रोजची मस्करी. त्या दिवशी शिडीने दाबलं, जरा जोरात दाबलं गेलं, आणि दात नळावर आपटला. मैत्रिणीला शिक्षा होऊ नये म्हणून मुलीने जिना पुढे केला होता.

हे ऐकताना लख्खताईला जे वाटलं त्याची तिला नंतर फार लाज वाटली. तिला बरं वाटलं. आठवडाभर तिच्या मानेवर बसलेल्या दोषाला एकदम दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता मिळाला. ती तावातावाने म्हणाली, "असल्या मस्करीने जन्माचं नुकसान होतं, कळतंय का? एका धक्क्यात दात मारला तिने!" शेजारच्या बाईलाही तिने तेच सांगितलं. शेजारणीची मुलगी त्याच शाळेत होती. दोन दिवसांत शिडीचं नाव बदललं. आता तिला सगळे दातपाडी म्हणू लागले.

मुलगी अधूनमधून बातम्या आणायची. दातपाडी हल्ली डब्याच्या सुट्टीत एकटी बसते. दातपाडीने खेळायचं सोडलं. तिच्या बाकावर कुणीतरी खडूने दात काढून ठेवला. "मी सांगते गं सगळ्यांना, की जाऊ दे म्हणून," मुलगी म्हणायची, "पण ऐकतंय कोण?" लख्खताई त्यावर मूग गिळून बसायची. दवाखान्यात मात्र तिचं काहीतरी बिघडलं होतं. ती एकेक चिमटा तीनतीनदा घासायची आणि ट्रे पुढे करताना काही बोलायची नाही.

तीन आठवडे झाले आणि एका संध्याकाळी शिडी घरी आली. दारात उभी राहिली तीही पोक काढून, कुणीतरी उंचीवरून ओळखेल अशा भीतीने. लख्खताईने तिला आत घेतलं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती, तीही बाहेर आली.

"मी डॉक्टरबाईंकडे गेले होते, काकू," शिडी फरशीकडे बघत म्हणाली. "त्यांना विचारलं, माझा दात काढून हिला लावता येईल का म्हणून. त्या नाही म्हणाल्या. असं करता येत नाही म्हणाल्या. पण तुम्ही त्यांच्याकडे इतकी वर्षं आहात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. माझे दात चांगले आहेत, एकही किडलेला नाही. आणि तुम्ही तो नीट धुऊन द्याल ना."

 पोर खरंच तोंड उघडून दात दाखवत होती. बाजारात वस्तू दाखवतात तशी, कुठला हवा तो घ्या म्हणून.

"तोंड मिट," लख्खताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मिट बाळा. बस इथे. तूही बस गं."

दोघी बसल्या. ती उभीच राहिली. बसली असती तर बोलू शकली नसती.

"दात धक्क्याने पडला. मेला नव्हता. तुम्ही माझ्याकडे आणलात तेव्हा तो जिवंत होता. मी तो घासला. मुळावरची साय खरवडून काढली. मशीनमध्ये उकळला. दुधात टाकून दार वाजवलं असतं तर आज जगला असता. मला त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी सांगितलं. मी कुणालाच सांगितलं नाही."

शिडीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, तशी ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. हे रडणं निराळं होतं, पाठीवरचं ओझं उतरल्यावरचं. लख्खताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. आता ती काय म्हणेल, आरशासमोर उभी राहून किती वर्षं आईला बोल लावेल, ते ऐकायची तिने मनाची तयारी केली.

मुलगी पांढरीफटक पडली होती. जिभेने दात चाचपत होती.

"मी म्हटलं होतं, असाच नेऊ या," ती म्हणाली.

"हो. म्हटलं होतंस."

"ते जाऊ दे. तुला माहीत नव्हतं." तिचा आवाज चढला. "पण नंतर तर माहीत होतं ना? मी रोज घरी येऊन सांगत होते ना, तिला काय काय म्हणतात ते? तू इथेच उभी राहून ऐकत होतीस. तिला का रडू दिलंस, आई?"

लख्खताईकडे उत्तर होतं, पण ते इतकं छोटं होतं की तोंडातून काढायची लाज वाटत होती.

"घाबरले," ती म्हणाली. "तू मला काय म्हणशील, म्हणून घाबरले."

 शिडीने नाक पुसलं. मुलगी उठली आणि शिडीच्या शेजारी जाऊन बसली, आईकडे पाठ करून.

"आम्हाला सांगून काय उपयोग?" ती तशीच पाठमोरी म्हणाली. "उद्या शाळेत ये. सगळ्यांसमोर सांग."

दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा लख्खताईने रजा घेतली. वर्गशिक्षिकेने तास सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं दिली. पस्तीस पोरं होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, दातपाडी, आणि दोनचार जण खिदळले. शिडी शेवटच्या बाकावर, खडूने काढलेल्या त्या दातावर दप्तर ठेवून बसली होती. मुलगी पहिल्या बाकावर होती. आईकडे नाही, टेबलाकडे बघत होती. रात्रभर जुळवलेली वाक्यं लख्खताईला एकही आठवेना. आल्या पावली परत फिरावं असंही क्षणभर वाटलं. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने ते मागे बांधले.

"हिचा पडलेला दात जगला असता," ती म्हणाली. "शिडीने नाही मारला. मी मारला. मी हिची आई."