अर्थिंगला पाणी

त्या रविवारी सकाळी आप्पांनी नेहमीसारखी बादली भरली आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतली. गोठ्यात आता गुरं नव्हती. तिथं विजेवर चालणाऱ्या नव्या गाडीसाठी शेड केली होती, भिंतीवर चार्जिंगचा बोर्ड बसवला होता आणि त्याच्या अर्थिंगसाठी हा खड्डा. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, मधोमध तांब्याची पट्टी. शोरूमचा माणूस येऊन सगळं करून देणार होता, पण केईबीत, म्हणजे कर्नाटकच्या वीज मंडळात, पस्तीस वर्षं लाइनमन राहिलेल्या आप्पांना ते चालण्यासारखं नव्हतं.

"जांभ्याची माती ही," ते म्हणाले, "पाणी धरत न्हाई. सुकली की अर्थिंग मेलं म्हणून समज."

धाकलूकाका कट्ट्यावर बसून चहा पीत होते. खांबावरचे आप्पांचे जुने जोडीदार. "परशू, मोटर यायच्या आदी तुज्या खड्ड्याचं तळं हुतंय बघ. मासं सोड त्यात."

"सोडतो की. पयला तुला सोडतो."

आई आतून हसली. मग आप्पांनी रिकामी बादली उपडी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "काय गे पुनी, काय म्हणतात ते शोरूमवाले?"

"अजून कारखान्यातनं निघाली नाही म्हणतात," मी म्हणाले.

हे खोटं होतं. गाडी बेळगावात येऊन बारा दिवस झाले होते. आमच्या घरात फोनला रेंज मिळत नाही, म्हणून बुकिंगवर माझा नंबर होता. शोरूममधल्या महेशचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. मी त्याला परीक्षा संपेपर्यंत गाडी ठेवून घ्यायला सांगितलं. आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि गाडी आल्याचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते बेळगावला येऊन स्वतःच गाडी घेऊन गेले असते. लोंढ्याच्या पुढच्या वळणांची मला भीती वाटत होती. ती गाडी मीच चालवत घरी न्यावी आणि आप्पांनी शेजारी बसून मला चुका सांगाव्यात, अशीही एक इच्छा होती. दोन्ही खरं आहे. आता त्यातलं किती कशाचं होतं, ते मला वेगळं करता येत नाही.

"यील," आप्पा म्हणाले. "घाई न्हाई."

घाई होती. अडीच महिने ते थांबले होते. पहिली फेरी कुठं मारायची तेही ठरलेलं होतं. आमच्याकडे नवं वाहन आलं की आधी गावदेवाला नेतात. आप्पांचं गाव सुप्याच्या धरणात गेलं तेव्हा ते विशीतले होते. देवाला रामनगरात नवं देऊळ मिळालं, आम्हाला घर मिळालं, पण नवीन काही घेतलं की आप्पा नारळ घेऊन पाण्याच्या काठावर जात. पहिल्या सायकलीपासून तसंच. आणि ही गाडी तर, त्यांच्या मते, सगळ्यांत जास्त तिथलीच होती.

"माजं गाव बुडवून वीज केली," ते म्हणायचे. "ती वीज मी पस्तीस वर्सं लोकांच्या घरात नेली. आता जरा माज्या चाकात घालतो." हे ते रागानं कधी म्हणाले नाहीत. मजेत म्हणायचे.

सोमवारी पहाटे मी बेळगावची बस धरली. साडेनऊला आईचा फोन आला, शेजारच्यांच्या अंगणातून. आप्पा शेडच्या उंबऱ्यावर बसले होते, ते उठलेच नाहीत. शेजारी बादली भरलेली होती.

पुढचे दिवस लोक येत राहिले. सुतकात नवी गाडी घरात आणत नाहीत, त्यामुळे गाडीचा विषय कुणी काढला नाही. आई मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, तुळशीला पाणी घातलं आणि तशीच पुढं जाऊन बादलीभर पाणी खड्ड्यात ओतून आली. मामीनं तिला थांबवायचा प्रयत्न केला.

"असू दे," आई म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलंय. माती सुकली तर पोरीला झटका बसंल."

मी भांडी घासायला बसले.

तेराव्यानंतरच्या सोमवारी धाकलूकाकांना घेऊन मी शोरूमला गेले. महेशनं चाकांखाली लिंबं ठेवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, जवळजवळ महिना उभी होती, धूळ बसलेली. कालच धुऊन घेतली."

धाकलूकाकांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दार उघडून शेजारी बसले. खानापूर गेलं, लोंढा गेला. गाडीला आवाज नाही, त्यामुळे गप्प बसणं फार मोठं वाटत होतं. रामनगर जवळ आल्यावर ते म्हणाले, "वैनीला मी काय सांगनार न्हाई."

"बरं," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही.

अंगणात आईनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि चप्पल न बदलताच आत बसली. "आदी पान्यावर," ती म्हणाली. तिनं पिशवीत नारळ घेतला होता.

जोयड्याच्या वाटेवर एका ठिकाणी पाणी रस्त्याजवळ येतं. एप्रिल असल्यामुळे ते बरंच खाली गेलं होतं. तांबड्या काठावर वाळलेल्या झाडांचे बुंधे उभे होते. आप्पा दर वेळी बोट करून सांगायचे, ते तिथं आमचं घर, तिथं शाळा. मला तिथं कधी पाण्याशिवाय काही दिसलं नाही, पण मी हो म्हणायचे.

धाकलूकाकांनी दगडावर नारळ फोडला. पाणी थोडं गाडीच्या चाकावर शिंपडलं, बाकीचं धरणात सोडलं. आई पदर धरून उभी होती.

"मानसाचं नशीबच न्हाई," ती म्हणाली. "अडीच म्हयने रोज बादली ओतली. कारखान्यानं येळेवर दिली असती तर एक फेरी तरी झाली असती. मेल्यांनी लई उशीर केला."

धाकलूकाका माझ्याकडे न बघता नारळाच्या शेंड्या गोळा करू लागले. गप्प बसायला मला पूर्ण मोकळीक होती. घरी गेल्यावर आई परत ती बादली भरणार होती, आणि कधी न बघितलेल्या कारखान्याला दोष देत राहणार होती, उरलेली सगळी वर्षं.

मी आईचा हात धरला, पण तिच्याकडे बघून ते सांगता आलं नसतं, म्हणून पाण्याकडे बघूनच बोलले. एवढ्या मोठ्यानं, की तिथं खाली कुणी असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं.

"आप्पा, गाडी वेळेवर आली होती. सत्तावीस दिवस ती बेळगावात उभी होती. थांबवा म्हणून मीच सांगितलं होतं. मला तुमच्या शेजारी बसून ती चालवायची होती."