दहाजणांचं घर

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक मोठा फोटो आहे, मागच्या सुट्टीत तळ्याकाठी काढलेला. त्यात माझे यजमान आहेत, खुर्चीत बसलेल्या सासूबाई आहेत, नणंद आणि तिचे मिस्टर आहेत, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आहेत आणि माझी दोन्ही मुलं आहेत. मी नाही. मी तेव्हा भाड्याच्या घरात सगळ्यांसाठी अंडी तळत होते. फोटो काढायला त्यांनी तळ्यावर फिरायला आलेल्या एका अनोळखी माणसाला बोलावलं, कारण घरातलं कोणी काढत बसलं तर ते माणूस फोटोतून राहून जाईल. हे मला नणंदबाईंनीच सांगितलं, कौतुकाने, फ्रेम हातात देताना. भिंतीत खिळा मी ठोकला.

राग गिळावा म्हणतात. मी बावीस वर्षं गिळते आहे आणि तो काही पचत नाही.

यंदा नणंदबाई आल्या त्या साबणाच्या दोन वड्या घेऊन. आवळा देऊन कोहळा काढायची त्यांची जुनी रीत, त्यामुळे वड्या हातात पडल्याबरोबर मी कोहळ्याची वाट बघत बसले.

"यंदा बेटावर जायचं," ताई म्हणाल्या. "समुद्र, नारळाची झाडं, पांढरी वाळू. पोरं मागेच लागलीत."

हे बेट मला माहीत होतं. लग्न झालं त्या वर्षी यांनी मला तिथे न्यायचं कबूल केलं होतं. आपण दोघंच, असं म्हणाले होते. मग ताईंना हवापालट हवा होता म्हणून सगळे डोंगरात गेलो. मग आईंचा गुडघा, मग मुलं, मग मुलांच्या परीक्षा, आणि दर सुट्टीत कुठलं तरी असं घर जिथे स्वयंपाकघर आहे. यजमानांना बेटाची आठवण असेल असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

"तूच बघ गं सगळं," ताई म्हणाल्या. "तुझा हात बसलाय. फक्त स्वयंपाकघर चांगलं पाहिजे. बाहेरचं खाऊन पोटं बिघडतात."

"किती जणांचं घर बघू?"

ताईंनी बोटं मोजायला घेतली. "आम्ही दोघं. आमची पोरं चौघं, सहा. बाळ्या सात." बाळ्या म्हणजे माझे यजमान, वय वर्षं पन्नास. "तुझी दोन, नऊ. आई दहा. दहाजणांचं बघ."

मी चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. "पुन्हा एकदा मोजा ना ताई. मागाहून घोटाळा नको."

त्यांनी पुन्हा मोजलं. दहाच झाले. "दहाच की," यजमान पेपराआडून म्हणाले. माझी मुलगी तिथेच बसली होती, हुशार म्हणून तिचं सगळीकडे नाव आहे, तीही काही बोलली नाही. खुर्चीतल्या सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"बरं," मी म्हटलं, "दहाजणांचं बघते." आणि सांगितल्या कामाला मी पक्की आहे.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. कोणाला कधी बोलवायचं, कोणाच्या डोळ्यांत थेंब घालून बसवून ठेवायचं, कोणाचं ऑपरेशन कोणाच्या आधी घ्यायचं, हे सगळं माझ्या हातात. डॉक्टरसुद्धा मला विचारून जेवायला जातात. शेजारच्या खोलीत चष्म्याचे नंबर काढणारी बाई आहे, तिला सगळे चष्मेवालीच म्हणतात. तिचा नवरा पळून गेलेला असल्याने तिला अशा कामात विशेष गोडी. दुपारी पेशंट ओसरले की आम्ही दोघी बेटाचा नकाशा उघडून बसायचो.

बेटाच्या मध्ये डोंगर आहे. एका अंगाला भाड्याची घरं, दुसऱ्या अंगाला एक लहानसं हॉटेल. डोंगरातून रस्ता नाही. मोठी बोट ज्या धक्क्याला लागते तिथून दोन्हीकडे जायला वेगवेगळ्या होड्या. हे पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की चष्मेवालीने पाणी आणून दिलं.

"पण तू दुसऱ्याच बेटावर का जात नाहीस?" तिने विचारलं. "लांब. शांत."

"दुसऱ्या बेटावर गेले तर ती नुसती सुट्टी होईल."

तिला पटलं.

आधी घराच्या मालकिणीला फोन केला. बाई बोलायला गोड. पाच खोल्या आहेत म्हणाली, अंगण आहे, स्वयंपाकघरात दोन शेगड्या आहेत, भांडी भरपूर आहेत. "स्वयंपाकाला बाई लागेल का? आधी सांगितलं तर मिळते. आयत्या वेळी नाही मिळायची, सगळ्या हॉटेलात कामाला जातात."

"नको," मी म्हटलं. "घरचं माणूस बघेल."

"जवळपास खानावळ नाही हं. दुकानही होडीने जाऊन गाठावं लागतं."

"उत्तम," मी म्हटलं. तिला वाटलं आम्हाला शांतता आवडते.

मग हॉटेलला फोन केला. एकटीसाठी खोली पाहिजे, समुद्राकडची, सकाळचा नाश्ता खोलीत. तिथला माणूस अदबीने बोलत होता. "एकट्याच का मॅडम?" त्याने विचारलं. हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं आणि दुसऱ्यांदा म्हणताना जास्त बरं वाटलं. "खोलीत चहाची किटली आणि दोन कप ठेवलेले असतात," तो म्हणाला.

"किटली काढून टाका. चहा कोणीतरी आणून द्या."

चष्मेवाली टेबलावर डोकं टेकून हसत होती. मी हसले नाही. मला किटलीचा खरंच राग आला होता.

पैसे माझ्या पगारातले होते, त्याबद्दल कोणाला विचारायचं नव्हतं. घरी मात्र पोटात एक आणि ओठात एक अशी मी महिनाभर वागले. ताईंचे फोन यायचे. लोणी घे, पोरांना तिकडचं चालत नाही. मासे ताजे मिळतील तर तळायचा रवा आपलाच ने. पहिल्या दिवशी साधंच कर, भात आणि काहीतरी पातळ, सगळे दमलेले असतील. मी हो म्हणत गेले. रवा घेतला, लोणी घेतलं, सगळं त्यांच्या पिशवीत भरलं. कशाचं काय करायचं ते मात्र कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. तळ्याकाठी मी एकटी दहा माणसांचं करत होते तेव्हा हे सगळे उंटावरून शेळ्या हाकत होते, आता उतरा म्हणावं खाली आणि धरा दोर.

माझी उन्हाची टोपी दवाखान्यात, औषधांच्या कपाटामागे लपवून ठेवली होती. रुंद काठाची, पिवळी. जेवणाच्या सुट्टीत मी ती घालून बसायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि सासूबाईंनी मला पकडलं. निघायला आठवडा होता. दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते, त्यांचे हात आता मागे पोचत नाहीत. त्या माझ्या पलंगावर बसल्या होत्या आणि समोर माझी बॅग उघडी होती.

"तू सुरी नाही घेतलीस," त्या म्हणाल्या.

दर सुट्टीत मी माझी सुरी कापडात गुंडाळून नेते. भाड्याच्या घरातल्या सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा कापला जात नाही. बाकी घरात हे कोणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"घ्यायची राहिली असेल," मी म्हटलं.

"तुझं काही राहत नाही." त्यांनी मान वळवली नाही. "ती मोजत होती तेव्हा मी ऐकलं होतं. मला वाटलं तू भांडशील. भांडली नाहीस, म्हणून नजर ठेवून होते. कुठे निघालीस?"

मी खरं सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं वय राहिलं नव्हतं. हॉटेल, डोंगर, होडी, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ने तुझ्याबरोबर."

मी कंगवा चालवायची थांबले.

"एका कोपऱ्यात पडून राहीन. त्या गोंधळात माझं कोण बघणार? आणि मीसुद्धा समुद्र कुठे पाहिलाय धड. तुझे सासरे जायचे, मी घर सांभाळायची."

मला त्यांची दया आली, ती लपवत नाही. म्हातारीचे केस माझ्या मुठीत होते आणि ते अगदी थोडे उरलेत. पण लग्नानंतरच्या पहिल्या डोंगराच्या सहलीत, मी दिवसभर भांडी घासून जरा बाहेर येऊन बसले तर याच बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या की सुनेला वेगळी सुट्टी कसली, जागा बदलली हीच सुट्टी. सगळे हसले होते. यजमान सर्वांत मोठ्याने हसले होते.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला नेलं तर तुमच्या गोळ्या येतील, तुमची अंघोळ येईल, तुमचं मऊ जेवण येईल. मग मी तिकडेही हेच करीन. मी एकटी जाणार आहे, आई."

"मग मी बाळ्याला सांगते."

"सांगा."

वेणी घालून झाली. त्या भिंतीला धरत आपल्या खोलीत गेल्या. तो आठवडा माझा कसा गेला ते मला विचारू नका. जेवताना सासूबाईंनी तोंड उघडलं की मी घास हातातच धरून ऐकायचे आणि त्या मीठ मागायच्या. रात्री यजमान घोरायला लागले की मला कळायचं, आजही सांगितलं नाही.

मोठी बोट बेटाला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. समुद्र फोटोत असतो तसाच निळा होता, मला ते खोटं वाटायचं. धक्क्यावर दोन होड्या उभ्या होत्या. सामान चढवलं, पोरं चढवली, सासूबाईंना दोघांनी धरून बसवलं.

"चल गं, बस पटकन," ताई होडीतून म्हणाल्या. "पोरांना भूक लागलीय. जाऊन आधी भात टाक."

"बसा तुम्ही. माझी होडी पलीकडची आहे."

"पलीकडची म्हणजे?"

"तुम्ही दहाजणांचं घर सांगितलंत, मी दहाजणांचं केलं. मी अकरावी. माझी सोय डोंगरापलीकडे आहे. परतीच्या बोटीला भेटू."

ताईंनी सगळ्यांकडे बघत पुन्हा बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. माझ्या मुलीने ओठ चावला. मला मजा आली, खोटं कशाला बोलू. मला इतकी मजा आयुष्यात आली नव्हती.

"आणि आईचं?" ताईंना एकदम आठवलं. "आईचं कोण करणार? म्हाताऱ्या माणसाला असं टाकून जातात का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथेच मी माघार घेईन अशी भीती मला महिनाभर होती. पण बोलल्या त्या सासूबाईच.

"मी विचारलं होतं हिला. नाही म्हणाली. तोंडावर म्हणाली." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तू माझी मुलगी ना? मग हे पायमोजे काढ आधी. पाय सुजलेत."

ताई खाली वाकल्या. मी वळले आणि माझ्या होडीत जाऊन बसले. बाकावर शेजारी पिशवी ठेवली, पिवळी टोपी घातली. होडीवाला दोर सोडायला लागला तेवढ्यात धक्क्यावरून पावलं वाजली. यजमान आपली बॅग घेऊन धावत येत होते. पन्नाशीचा माणूस, घामाने डबडबलेला. ते माझ्या होडीपाशी येऊन थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "थांब. मी येतो तुझ्याबरोबर. आपण दोघंच जाऊ."

मी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्यांनी एक पाय होडीत टाकला, मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिकडे ताईच्या हातचं आठ दिवस कोण खाणार?"

मी पिशवी परत बाकावर ठेवली.

"पाय काढा," मी म्हटलं. "होडी सुटतेय."