परतीचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात त्यातला नव्हे. तुमच्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो ना, तसा बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा कॅचर असतो. मी त्याच्या डाव्या हातातला. मला वेगवेगळी बोटे नाहीत, एकच जाडजूड पंजा आहे. दिसायला मी फुगलेल्या भाकरीसारखा आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी हसले तर मी मनावर घेत नाही.

बैलाच्या कातड्यातून मला कापले, चामड्याच्या वाद्यांनी आवळून शिवले आणि दुकानात टांगले. तेव्हा मी लाकडाच्या फळीइतका ताठ होतो. वेंडेल कुसेराने मला घरी नेले आणि दुसऱ्याच दिवशी मोगरीने बडवायला घेतले. मला वाटले, हा कसला राग काढतो आहे! पण नव्या हातमोज्याला वळण लावायची तीच रीत. दिवसा बडवायचे, रात्री पोटात चेंडू घालून, पट्ट्याने बांधून गादीखाली ठेवायचे. वेंडेल चांगला धिप्पाड गडी. त्याच्या वजनाखाली झोपून झोपून माझ्या पोटात चेंडूच्या मापाची खळी पडली. ती खळी अजून आहे.

वेंडेल मिलो बेंडचाच. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांमधले ते गाव. वसंतात तिथल्या नदीवर सारस उतरतात, म्हणून गावच्या संघाचे नावही सारस. संघ छोटा असला तरी खेळणाऱ्यांचे पोट त्यावर होते. हिवाळ्यात वेंडेल धान्याचा ट्रक चालवायचा आणि मे महिना आला की मला घेऊन मैदानावर हजर व्हायचा. अशी कित्येक वर्षे आम्ही सुखात काढली.

माझी खरी शान म्हणजे माझा आवाज. पिचरने, म्हणजे आमच्या गोलंदाजाने, जोरात टाकलेला चेंडू माझ्यात आला की असा ‘फट्ट’ वाजायचा की धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जावा. आपला चेंडू आज किती वेगात चालला आहे, हे पिचरला माझ्या आवाजावरून समजते. त्याची छाती फुगते आणि पुढचा चेंडू आणखी जोरात येतो. मग कॅचर तो चेंडू पिचरकडे परत फेकतो, अलगद, सहज. या परतीच्या चेंडूकडे कुणी बघतसुद्धा नाही. तेवढ्या वेळात लोक शेंगदाणे सोलतात.

ज्या हंगामाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्या सुरुवातीलाच एके दुपारी वेंडेलचा परतीचा चेंडू पिचरच्या डोक्यावरून गेला. लोक हसले, वेंडेलही हसला. त्याच डावात दुसरा चेंडू मातीत आपटला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. गंमत अशी की चोरून पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठायला धावणाऱ्या गड्याला बाद करायचे असेल, तर तोच हात लांबवर बाणासारखा चेंडू फेकायचा. नुसता अलगद द्यायचा म्हटले की मात्र बोटे चेंडू सोडायचीच नाहीत, नाहीतर भलत्या वेळी सोडायची. मी डाव्या हातात होतो. उजव्या हाताचे काय बिनसले, हे मला तिथून दिसायचे, पण करता काहीच येत नव्हते.

बेसबॉलवाल्यांमध्ये या दुखण्याला नाव आहे. पण ते कुणी उच्चारत नाही. नाव घेतले की दुखणे आपल्याही हातावर येऊन बसते, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे वेंडेल खोलीत आला की सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागायचे. त्या वर्षी मिलो बेंडच्या हवेची जितकी चर्चा झाली तितकी पूर आला तेव्हाही झाली नव्हती.

आर्डिथबाईंचे तर मला नवल वाटायचे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या या बाई आमच्या मागे, जाळीला लागून बसायच्या. त्यांच्या तोंडातून कुणी सुटत नसे. “अरे पंचा, चष्मा घरी विसरलास की मुळात घेतलाच नाहीस?” हे तर रोजचेच. आमच्याच पिचरला त्या म्हणायच्या, “पोरा, फलंदाज इकडे उभाय, तू कुणाला पत्र टाकतोयस?” पण वेंडेलचा चेंडू भरकटला की त्या खाली बघून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायच्या. त्यांची ती शांतता ऐकली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

एक दिवस प्रशिक्षक हॉबर्ट यांनी वेंडेलला बोलावले. मी त्याच्या गुडघ्यावर होतो.

“घरी सगळं ठीक?”

“ठीक आहे, कोच.”

“झोप लागते?”

“लागते.”

“बरं.” हॉबर्टनी खिडकीबाहेर पाहिले. “हवा काय कोरडी पडलीये यंदा.”

“पडलीये खरी.”

“हंगाम संपला की मला पुढच्या वर्षाचा कॅचर ठरवावा लागेल. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय.”

वेंडेलच्या अंगठ्याने माझी वादी घट्ट दाबून धरली. म्हातारपण आले, गुडघे गेले, म्हणून घरी बसायला त्याची ना नव्हती. पण जे काम शेंबडे पोरही करते ते जमेना म्हणून आपल्याच गावातल्या लोकांसमोर मैदान सोडायचे, हे त्याच्या जिवाला लागले होते. मला त्याचे इतके वाईट वाटले की सांगता येत नाही.

आता मर्लचा पराक्रम सांगतो. मर्ल आमच्या संघाचे सामान सांभाळायचा. अतिशय मायाळू माणूस. त्याने स्वतःशीच निदान केले की हात निर्दोष आहे, खोट हातमोज्यात आहे. चेंडू माझ्या पोटात अडकतो, म्हणून वेंडेलचे तंत्र बिघडते. आता कॅचरच्या हातमोज्याला तेल लावायचे ते बोटभर, तेही हंगाम संपल्यावर. मर्लने घोड्याच्या खोगिराला लावायचे तेल आणले आणि अख्खा डबा मला पाजला. सकाळपर्यंत माझा ताठपणा गेला, कडा लुळ्या पडल्या. पहिला चेंडू आला तेव्हा ‘फट्ट’ऐवजी ‘भप्प’ असा आवाज निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“मर्ल, हे काय केलंस?” वेंडेलने मला त्याच्या नाकासमोर धरले.

“मऊ केला जरा. चेंडू अडकत होता ना.”

“अडकत होता? कुणी सांगितलं?”

खरे उत्तर द्यायचे तर ‘ती’ गोष्ट बोलावी लागली असती.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “हवा कोरडी आहे म्हणून लावलं.”

मला फळीवर टाकण्यात आले. माझ्या जागी एक नवा कोरा हातमोजा आला. त्याचा आवाज तोफेसारखा होता, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो. फळीवर पडल्या पडल्या मी तो रोज ऐकायचो. माझ्यावर धूळ बसली, कुणीतरी पायमोजे वाळत घातले. पण नव्यानेही काही दुखणे बरे झाले नाही. तो हातात असतानाही परतीचा चेंडू तसाच भरकटायचा. शेवटी एका दुपारी वेंडेलने पायमोजे बाजूला सारले आणि मला उचलले.

“तुझा काही दोष नव्हता रे बाबा,” तो म्हणाला. एवढे चार शब्द ऐकले आणि माझा सगळा रुसवा गेला.

आता विल्किनबद्दल बोललेच पाहिजे, कारण त्याचे उपकार मी फेडू शकणार नाही. विल्किन आमचा सगळ्यात चांगला पिचर. डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला, उंच, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही. ‘त्या’ गोष्टीबद्दल तोही अवाक्षर काढत नसे. पण त्याने एक केले. चेंडू टाकला की तो पिचरने उभे राहायचा मातीचा उंचवटा सोडून चालत पुढे यायचा आणि वेंडेलच्या हातातून चेंडू घेऊन जायचा. कधी बूट झटकायचे निमित्त, कधी काही विचारायचे. पंच वैतागायचे.

“काय रे, खेळायला आलायस की फिरायला?”

“साहेब, आईने सांगितलंय, जेवण झालं की चार पावलं चालत जा. तिचं नाही ऐकलं तर मला घरात घेणार नाही.”

भर उन्हात प्रत्येक चेंडूमागे जा-ये करायची म्हणजे खायचे काम नाही. पिचरचे पाय थकले की हात थकतो. तरी तो चालत राहिला.

सामन्यापूर्वी ते दोघे सराव करायचे, तेव्हाची ही गोष्ट. वेंडेल चेंडू हातात घेऊन नुसताच उभा होता. विल्किन जवळ आला.

“आमच्या गल्लीत असले हातमोजे नव्हते, म्हाताऱ्या. दुधाची खोकी दुमडून हातात घालायचो. त्यात दुसरा हात घालायला जागाच नाही. चेंडू आला की खोक्यातूनच उडवायचा. असा.” त्याने मनगटाला झोका देऊन दाखवला.

“हा काय दुधाचा खोका आहे? गादी आहे ही गादी. यातून काय उडणार?”

“मर्लने तेल पाजलंय ना तिला? बघ तर करून.”

वेंडेलने माझ्यातला चेंडू न काढता मनगट हलवले. मित्रांनो, पूर्वीचा मी असतो तर चेंडू तिथेच घट्ट धरून बसलो असतो. पण आता माझ्या लुळ्या कडेवरून तो अलगद घरंगळला आणि हवेत उडून थेट विल्किनकडे गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवसापासून सरावाच्या आधी त्यांचा हा पोरखेळ सुरू झाला. अंतर जेमतेम चार-सहा पावलांचे. उंचवट्यापर्यंत चेंडू असा पोचणार नव्हता, त्यामुळे सामन्यात त्याचा काही उपयोग नव्हता. पण वेंडेल त्या खेळात खदखदून हसायचा. मला तेवढे पुरे होते.

असे करत करत हंगामाचा शेवटचा सामना आला. समोर ऑटर फॉल्सचा संघ. जो जिंकेल तो अंतिम फेरीत जाणार होता. वेंडेलच्या दृष्टीने हा शेवटचा दिवस होता; आज पुन्हा घोळ झाला तर हॉबर्टना वेगळे काही सांगायची गरज नव्हती.

शेवटचा डाव. आमची एका धावेची आघाडी, त्यांचा एक गडी बाद करायचा उरलेला, पण त्यांचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर पोचलेला. तिथून तो धावत आमच्यापर्यंत आला की बरोबरी. त्याला आमचे दुखणे पक्के माहीत होते. परतीचा चेंडू एकदा भरकटायचा अवकाश, तो सुटणार होता. त्यांच्या बाकांवरून ओरडा सुरू झाला.

“अरे, चेंडू दे की त्याला! टपालाने पाठवतोस का?”

“टॅक्सी करून दे, टॅक्सी! बिचारा चालून चालून दमला!”

विल्किन प्रत्येक चेंडूनंतर चालत येत होता. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. पुढचा चेंडू त्याने सगळा जीव ओतून टाकला आणि थकलेल्या हातातून तो खाली घसरला. आमच्यासमोर मातीत आपटला, माझ्या कडेला लागला आणि उसळून मागे जाळीकडे गेला.

तिसऱ्या बेसवरचा गडी सुटला. विल्किन त्याला अडवायला उंचवट्यावरून धावत आला. वेंडेलने तोंडावरचा मुखवटा भिरकावला, जाळीशी पडलेल्या चेंडूवर स्वतःला झोकून दिले आणि मला चेंडूखाली खुपसले. वळून पाहतो तो विल्किन काही पावलांवर हात पसरून उभा आणि धावणारा अगदी जवळ. अलगद द्यायचा चेंडू होता तो. त्याला न जमणारा, नेमका तोच.

उजवा हात माझ्याकडे यायला निघाला होता. मला त्याची चाहूल लागली. मग तो मधेच थांबला आणि मनगटाला ओळखीचा झोका बसला. मी आयुष्यभर चेंडू पकडून ठेवायला शिकलो होतो. त्या क्षणी मी सोडला. चेंडू विल्किनच्या हातात गेला आणि गडी पोचायच्या आत त्याने त्याच्या घसरत्या पायाला तो टेकवला.

पंचांनी बाद दिले. सारस अंतिम फेरीत पोचले.

सगळे धावत आले. त्या गर्दीत मर्ल मोठ्याने रडत होता. आमच्यात रिवाज असा की जिंकलेल्या सामन्याचा चेंडू पिचरने घरी न्यायचा. पण विल्किनने तो माझ्या पोटात टाकला.

“हा तुझा.”

“रिवाज म्हणजे रिवाज. तुझाच आहे,” म्हणत वेंडेल तो हातात घेऊन त्याच्याकडे निघाला. विल्किन मागे सरकला. वेंडेल पुढे, तो आणखी मागे, असे करत तो थेट उंचवट्यावर जाऊन उभा राहिला.

“तिथूनच दे,” तो म्हणाला. “फेक.”

हवेबद्दलसुद्धा कुणाला काही सुचेना. तेवढ्यात मागून आर्डिथबाईंचा आवाज आला.

“अरे फेक ना वेंडेल! नाहीच गेला नीट तर काय होईल? आम्ही सगळा हंगाम तेच बघतोय!”

पहिल्यांदाच कुणीतरी ते बोलले होते. वेंडेलने मान वळवून बाईंकडे पाहिले, मग विल्किनकडे, आणि चेंडू फेकला.

तो विल्किनच्या डोक्यावरून, त्याच्याही मागच्या खेळाडूच्या डोक्यावरून, थेट मैदानाच्या दूरच्या गवतापर्यंत गेला. मग वेंडेलच हसू लागला. गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग सगळे हसले. हॉबर्ट हसले, मर्ल रडता रडता हसला, आर्डिथबाई जाळीला धरून हसल्या. मी त्याच्या हातात गदागदा हलत होतो.

अंतिम फेरीत आम्ही हरलो, खोटे कशाला सांगू? त्यानंतर वेंडेलने खेळणे सोडले, पण स्वतःच्या मनाने, आणि मैदान सोडले नाही. हॉबर्टनी त्याला नव्या कॅचरना शिकवायला ठेवून घेतले. विल्किन मोठ्या संघात गेला. तरी नदीवर सारस उतरले की तो एकदा येऊन जातो, आणि ते दोघे रिकाम्या मैदानावर चेंडू खेळतात.

माझ्या वाद्या आता विरल्या आहेत, कडा फाटत चालल्या आहेत. आवाज ‘भप्प’चा ‘भुस्स’ झाला आहे. तरी माझी काही तक्रार नाही. मोगरीने वळण लावणारा वेंडेल, तेलाचा डबा ओतणारा मर्ल, दुधाच्या खोक्याची आठवण जपणारा विल्किन, या सगळ्यांनी मिळून मला घडवले. हातमोजा म्हणून यापेक्षा जास्त काय मागू?

एक मागणे मात्र तुमच्याकडे आहे, मित्रांनो. तुमच्याकडे असा जुना हातमोजा असेल तर त्याला तेल बेतानेच लावा, पायमोजे त्याच्यावर वाळत घालू नका. आणि तुमच्यातल्या एखाद्याचा हात कधी साध्याशा गोष्टीत अडला, तर त्याच्याकडे चालत जा. परवाच विल्किन आला होता. त्याने टाकलेला चेंडू माझ्यात भुस्सकन पडला. वेंडेलने तो हातात घेतला आणि विल्किन उंचवट्यावरून खाली उतरून आमच्याकडे चालत आला.