उरलंसुरलं

टेबलाखालून एक ताटली वर आली. आधी बोटं दिसली, मग कांदाभजी, मग हिरवी चटणी. नीरजची आई, मनोरमा, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून अर्धी वाकून खोलीत आली होती आणि तशीच वाकून मागे सरकत होती. सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्याच घरात चोरासारखं चालणाऱ्या बाईची दया यायला हवी होती. नीरजला किळस आली.

"आई, कॉल चालूय," माइक बंद करून तो म्हणाला.

"असू दे ना. गरम आहेत तोवर खा."

किळस एकट्या आईची किंवा भज्यांची नव्हती. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या चौकोनात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि त्या तोंडाला आता हनुवटी उरली नव्हती. विमा कंपनीने चार वर्षांपूर्वी 'घरूनच करा' म्हटलं, तेव्हापासून तो सिल्व्हर पार्कमधल्या या मागच्या खोलीत बसून लोकांचे क्लेम तपासत होता. पलंगापासून खुर्चीपर्यंत अकरा पावलं. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली इलॅस्टिकची बर्म्युडा. आंघोळीच्या वेळी पोटावर त्या इलॅस्टिकचा लाल वळ दिसायचा आणि तो आरशाकडे पाठ फिरवायचा. वजन चौऱ्याहत्तरवरून एक्क्याण्णववर गेलं होतं.

आईचं वेगळंच चाललं होतं. तिने चौतीस वर्षं नीरजच्या बाबांचा, सुभाषरावांचा डबा भरला होता. ते गेले आणि सकाळी ओट्याशी उभं राहून काय करायचं हेच तिला कळेना. तेवढ्यात मुलगा कायमचा घरी बसला. दहाला उपमा, साडेबाराला जेवण, चारला काहीतरी तळलेलं, सहाला 'तोंडात टाकायला' म्हणून चिवडा. नीरजची बायको रुचिता बोरिवलीला बँकेत होती. ती आठला बाहेर पडायची ती सातला यायची, म्हणून तेवढी वाचली.

भाईंदर पूर्वेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि लिव्हरवर चरबी आहे म्हणाले. त्याच संध्याकाळी नीरजने आईला समोर बसवलं.

"दुपारी दोन पोळ्या, भाजी, काकडी. बाकी काही नको."

"बरं."

"नुसतं बरं नको. खरंच नकोय मला."

"आणि केलेलं उरलं तर?"

"मला नको विचारूस. काय करायचं ते कर."

पण जित्याची खोड ती. ताटल्या यायच्या थांबल्या नाहीत. नीरजने मग किळसच कामाला लावली. समोर वडे आले की तो कढईतल्या काळ्या तेलाचा विचार करायचा, त्या तेलावर घोंगावणाऱ्या माशीचा विचार करायचा. भूक मेली की ताटली एका बोटाने टेबलाच्या कडेला ढकलायची. थोड्या वेळाने आई वाकत यायची आणि न बोलता उचलून न्यायची. सकाळी सोसायटीच्या आवारात तो चाळीस फेऱ्या मारू लागला. तळमजल्यावरचे गुजराती काका म्हणायचे, "नीरजभाई, आधे हो गए यार." ते ऐकायला तो मुद्दाम त्यांच्या खिडकीवरून जायचा.

पाच महिन्यांत अकरा किलो उतरले. आणि बारीक झालेल्या माणसाला जो माज येतो, तो त्यालाही आला. लिफ्टमध्ये जाडं माणूस शिरलं की तो नाक मुरडायचा. पुढे पुढे आईकडे बघतानाही तेच व्हायला लागलं. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, गाऊन काखेत तटतटलेला, स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत आली तरी धाप.

"आई कसली सुटलीय बघ," तो रुचिताला म्हणाला. "बारा वर्षांची शुगर आहे, पण तोंडावर ताबा म्हणून नाही."

"बोल ना मग त्यांच्याशी. परवा म्हणत होत्या, पायाला मुंग्या येतात."

"वय झालंय."

"तू दिवसभर असतोस म्हणून म्हटलं," रुचिता म्हणाली आणि कपडे घडी करू लागली.

ऑफिसातही त्याचं कौतुक झालं. घरून काम करताना वजन कसं आवरायचं, यावर शुक्रवारी चार वाजता टीमसमोर बोल, असं मॅनेजरने सांगितलं. नीरजने सात नियम काढले, आधीचा आणि आताचा असे दोन फोटो लावले. पाचवा नियम त्याला स्वतःला फार आवडला होता: ताटात उरलं तर उरू द्या, संकोच करू नका. बेचाळीस जण ऐकत होते. कोणीतरी विचारलं, "घरच्यांचा सपोर्ट होता का?"

त्याचं मन एकदम मोठं झालं. "होता ना. थांबा, भेटवतोच," म्हणत त्याने लॅपटॉप उचलला आणि तो स्वयंपाकघराकडे निघाला.

मनोरमा ओट्याशी पाठमोरी उभी होती. ओट्यावर त्याने सकाळी परत पाठवलेला उपमा होता, दुपारचा भात होता, भज्यांची ताटली होती. ती उभ्या उभ्या खात होती. चवीने नाही. औषध घ्यावं तसं, एकामागून एक घास, भराभर. चाहूल लागली तशी ती वळली. दोन्ही गाल भरलेले, गिळता येईना. लॅपटॉप दिसल्यावर तिने ताटली पाठीमागे धरली आणि मोकळ्या एका हाताने नमस्कार केला.

"हाय आंटी," लॅपटॉपमधून आवाज आला. "सो क्यूट यार." पडद्यावर लाल बदाम तरंगू लागले. नीरजने लॅपटॉप मिटला.

"हे काय करतेस?"

तिने कसाबसा घास उतरवला. "टाकवत नाही रे. खाली कुत्र्यांना घालायला गेले होते, तर वॉचमन ओरडला. आणि फ्रिजमध्ये ठेवलं की रुचिताच्या वाट्याला शिळं जातं."

"मग करतेस कशाला?"

"एखाद दिवशी खाशील म्हणून."

"रोज खातेस? माझं सगळं?"

"सगळं म्हणजे काय, असतं किती," ती म्हणाली. मग त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तू बारीक झालास ना, चांगलं झालं. नजर लागेल कोणाची."

"गोळी घेतेस ना शुगरची?"

"घेते की. जास्त खाल्लं असेल तर दोन घेते."

ओट्याला टेकत ती स्टुलावर बसली, तेव्हा गाऊन वर सरकला. डाव्या पायाच्या अंगठ्याला जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती, आणि ती चिंधी पिवळी पडली होती.

"हे कधीचं?"

"नखं काढताना ब्लेड लागलं. हल्ली नीट वाकता येत नाही ना. झाले असतील दहा-बारा दिवस. पण दुखत नाही अजिबात."

त्याने चिंधी सोडली. अंगठा काळसर झाला होता आणि त्याला वास येत होता. नीरजने झटकन तोंड फिरवलं. ती बघत होती. ज्या बाईने त्याची हगणीमुतणी काढली, तिच्यासमोर त्याने तोंड फिरवलं होतं. अंगठ्याची किळस क्षणभर टिकली असेल. स्वतःची जी आली, ती हटेना. पाच महिने त्याने एका बोटाने ढकललेलं सगळं या बाईच्या पोटात गेलं होतं, आणि स्वतःचे फोटो दाखवून तो बेचाळीस लोकांना नियम शिकवत होता.

संध्याकाळी तो तिला रिक्षाने भाईंदरला घेऊन गेला. साखर तीनशे शहाऐंशी निघाली. डॉक्टरांनी जखम साफ केली, जाड पट्टी बांधली आणि चिठ्ठीवर सर्जनचं नाव लिहिलं.

"उद्या सकाळीच दाखवा. अंगठा वाचेल असं मी आत्ता सांगू शकत नाही." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे एका दिवसात होत नाही. दिवसा घरी कोणी नसतं का यांच्याजवळ?"

मनोरमाला ते लागलं. आपल्या घराला कोणी नावं ठेवतंय असं वाटून ती खुर्चीत ताठ झाली.

"असतो की," ती म्हणाली. "मुलगा घरूनच काम करतो. दिवसभर घरीच असतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी नीरजच्या हातात दिली. आई उठायला लागली, खुर्चीखाली पायाने चपला चाचपू लागली, तसा तो खाली वाकला. पाच महिन्यांपूर्वी असं वाकताना त्याचा श्वास कोंडला असता. आता पोट मध्ये आलं नाही. तो सहज गुडघ्यांवर बसला, आणि ते सहजपणही त्याला सहन होईना. उजवी चप्पल घातली गेली. डावी पट्टीवरून जाईना.

"राहू दे रे," आई म्हणाली. "तशीच येते."

त्याने डावी चप्पल हातात घेतली, दुसरा हात तिच्या काखेत घातला आणि तिचं सगळं वजन स्वतःवर घेत दाराकडे निघाला.