गोल मांडलेल्या खुर्च्या

यांतीनने शेवटची खुर्ची गुडघ्याने रेटून गोलात बसवली. सीत्सेकाकांनी तीच खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"चर्चमध्ये माणसं एका दिशेला बघतात," ते म्हणाले. "एकमेकांच्या तोंडाकडे नाही."

"बाबांना गोल हवा होता."

"तुझ्या बाबांना पुष्कळ काही हवं होतं."

पण खुर्ची त्यांनी परत गोलात आणून ठेवली.

झानदाम गावातले हे एके काळचे सायकल-दुरुस्तीचे दुकान. भिंती पांढऱ्या केल्या तरी रबराचा वास गेला नव्हता आणि छताला सायकली टांगायचे आकडे तसेच होते. यांतीनचे वडील हार्मेन उमेदीची सगळी वर्षे कालव्यापलीकडच्या विटांच्या मोठ्या चर्चचे पाळक होते. माणसे विरळ होत गेली आणि शेवटी चर्च विकले गेले. आता तिथे पोरे कमरेला दोर बांधून भिंती चढतात. "निदान कुणीतरी वर बघतंय," असे हार्मेन म्हणाले होते. मग निवृत्तीत स्वस्थ बसायचे सोडून त्यांनी हे दुकान मिळवले. समोरच्या इमारतींमध्ये जी माणसे राहत होती, ज्यांच्या घरात चर्चची पायरी शेवटची कुणा आजीने चढली होती, त्यांच्यासाठी. ऑगस्टमध्ये भिंतीला रंग देता देता त्यांचे हृदय थांबले. उरलेली भिंत यांतीनने रंगवली. कुठे त्यांचा हात थांबला आणि कुठे तिचा सुरू झाला, ते बाजूने उजेड पडला की दिसे.

दुकानाचे भाडे भरणाऱ्या चर्चमंडळाचे गृहस्थ फोनवर अगदी मऊ बोलले होते. "रविवारी उघडून बघा. नवीन कुणी आलं नाही तर सोमवारी मी किल्ली घेऊन जाईन. वाईट वाटून घेऊ नका. काही कामं माणसाबरोबरच संपतात."

किल्ली तिच्या खिशात होती. सकाळपासून तिची मूठ त्या किल्लीभोवतीच होती.

"दहा वाजले," सीत्सेकाका म्हणाले. जुन्या चर्चमधून आलेले ते एकटेच. त्यांनी कोटातून पेपरमिंटची पुडी काढून मांडीवर ठेवली. प्रवचन सुरू झाले की एक गोळी तोंडात टाकायची आणि पुडी शेजाऱ्याकडे द्यायची, ही त्यांच्या आजोबांपासूनची शिस्त. आज शेजारी कुणी नव्हते. "येणार नाहीत, पोरी. आले तर काय करायचं तेही त्यांना ठाऊक नाही."

"केक आहे."

"केक!" ते छताच्या आकड्यांना उद्देशून म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलले गेले. उंबऱ्यावर समोरच्या इमारतीतली त्रूस उभी होती. बाहेरच्या बाकावर हार्मेनची कॉफी आणि तिची सिगारेट रोज बरोबर चालायची. तिच्या हातात एक कुंडी होती. मागे तिचा नवरा, दोन शेजारणी आणि तळमजल्यावरचा बसचालक डर्क. कुणीच पुढे होईना. मग त्रूसला खुर्च्यांचा गोल दिसला, कॉफीचे कप दिसले, केक दिसला आणि तिचा चेहरा सैल झाला. हे तिला येत होते.

ती थेट सीत्सेकाकांकडे गेली आणि त्यांचा हात धरून जोरात हलवला.

"अभिनंदन!"

"कशाबद्दल?" सीत्सेकाका म्हणाले.

या गावात खुर्च्या गोल मांडून केक कापायचा तो वाढदिवसालाच. तेव्हा कशाबद्दल असे कुणी विचारत नाही. ज्याचा वाढदिवस त्याचे अभिनंदन करायचे, मग त्याच्या बायकोचे, भावाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, आणि सगळा गोल पुरा केल्यावरच बसायचे, हे इथे मूल चालायला लागले की शिकते. त्रूसमागून तिच्या नवऱ्याने हात पुढे केला. "अभिनंदन." मग शेजारणींनी. "अभिनंदन." मग डर्कने. सीत्सेकाका हात हलवून घेत राहिले.

यांतीनपाशी आल्यावर त्रूस थबकली. "पण वाढदिवस कुणाचा गं?"

वाढदिवस नाही, ही उपासना आहे, असे सांगायला यांतीनने तोंड उघडले. "या चर्चचा," ती म्हणाली. "आज पहिला दिवस."

"म्हणजे हार्मेनला म्हातारपणी पोर झालं!" त्रूस मोठ्याने हसली. "आणि आम्हाला पत्ता नाही. तू थोरली बहीण की मग."

मग तिचे हसू ओसरले. तिने कुंडी नवऱ्याकडे दिली आणि यांतीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अभिनंदन, यांतीन. तुझ्या बाबांबद्दल."

बापाच्या वाढदिवसाला लेकीला असेच म्हणतात. ऑगस्टपासून लोक तिला बाबांबद्दल वाईट वाटल्याचेच सांगत आले होते. यांतीनने मान हलवली. "धन्यवाद," ती म्हणाली.

दार पुन्हा उघडले, आणि मग उघडतच राहिले. आधी बसलेल्यांचेही अभिनंदन होऊ लागले. खुर्च्या संपल्या तेव्हा डर्क रस्ता ओलांडून गेला आणि स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन आला.

यांतीनने वडिलांनी ठरवलेलीच गोष्ट सांगितली. एकाने मेजवानी मांडली आणि बोलावलेल्यांनी सबबी सांगितल्या. सीत्सेकाकांनी गोळी तोंडात टाकली आणि जरा थांबून पुडी शेजारच्या डर्ककडे दिली.

"मग जेवणाचं काय झालं?" त्रूसने मध्येच विचारले. प्रवचनात बोलायचे नसते हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"रस्त्यावर जे भेटले त्यांना आत आणलं."

"म्हणजे आम्ही," डर्क गोळी चोखत म्हणाला.

शेवटी यांतीनने स्तोत्र सुरू केले. चाल कुणालाच येत नव्हती. सीत्सेकाका जुन्या भरदार आवाजात पुढे गेले आणि बाकीचे पडत-झडत मागून. शेवटचा स्वर विरला, आणि वाढदिवसाच्या गाण्यानंतर जे करायचे असते ते त्रूसने सवयीने केले.

"हिप हिप!"

"हुर्रे!" सगळ्यांचे हात वर गेले.

सगळे सीत्सेकाकांकडे पाहू लागले. उभ्या जन्मात त्यांनी चर्चमध्ये हात वर केला नव्हता. ते उभेच होते, स्तोत्राचे पुस्तक छातीशी धरून.

"एकदाच नसतं ते," शेवटी ते म्हणाले. "तीनदा असतं."

आणि त्यांनी स्वतःच हाक दिली. दुसऱ्या हुर्रेला छताचे आकडे किणकिणले.

निघताना त्रूसने तळवा पुढे केला. "किल्ली दे. पुढच्या रविवारी केक मी करणार. तुझा घशात अडकतो."

यांतीनने खिशातून हात काढला.

सोमवारी मंडळाचे गृहस्थ आले. दारातच त्यांना दुकानभर नाना घरांच्या खुर्च्या दिसल्या, कुणी परत न नेलेल्या. त्यांनी टोपी काढली.

"किल्ली समोर आहे, त्रूसकडे," यांतीन म्हणाली. "पण आधी माझं अभिनंदन करा."

"कशाबद्दल?"

तिने हात पुढे केला.

"माझ्या बाबांबद्दल."